तिसऱ्याने सही केली

वॉशिंग्टन, ऑक्टोबर १९७३ : न्यायखाते कोसळले त्या चोवीस तासांचा घटनाक्रम

वॉटरगेट म्हटले की १७ जून १९७२ ची चोरी आठवते, दोन पत्रकार आठवतात आणि ९ ऑगस्ट १९७४ ला पायउतार झालेले रिचर्ड निक्सन आठवतात. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दिवस मला मात्र वेगळा वाटतो : शनिवार, २० ऑक्टोबर १९७३. त्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपलीच चौकशी करणाऱ्या माणसाला काढून टाकले आणि त्यापायी न्यायखात्याच्या पहिल्या दोन क्रमांकांच्या अधिकाऱ्यांनाही घालवले. सत्तेचा समतोल राज्यघटनेच्या कलमांनी राखला जातो, असे आपण शाळेपासून वाचतो. त्या शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत तो कलमांनी राखला नाही. खुर्चीवर बसलेल्या तीन माणसांच्या होकार-नकारावर तो टांगला होता, आणि तिसऱ्याने होकार दिला.

मे १९७३ : एक लेखी आश्वासन

गोष्ट या आश्वासनापासून सुरू करायला हवी, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. एप्रिलअखेर निक्सन यांचे सर्वांत जवळचे दोन सहायक, हॉल्डमन आणि अर्लिकमन, राजीनामा देऊन गेले होते. ॲटर्नी जनरल क्लाइनडिन्स्टही गेले. त्यांच्या जागी निक्सन यांनी इलियट रिचर्डसन यांचे नाव सुचवले. आपल्याकडे ॲटर्नी जनरल हा सरकारचा वकील असतो. अमेरिकेत तो न्यायखात्याचा मंत्री असतो, सगळे केंद्रीय खटले चालवणारी यंत्रणा त्याच्या हाताखाली येते आणि एफबीआयसुद्धा. म्हणजे चोराचा माग काढणारा आणि ज्याच्या घरात चोर लपल्याचा संशय आहे त्याने नेमलेला, असा एकच माणूस. सिनेटने हे ओळखले. वॉटरगेटसाठी स्वतंत्र विशेष अभियोक्ता नेमा, त्याला मोकळीक द्या, तरच तुमच्या नेमणुकीला संमती देऊ, अशी अट तिने रिचर्डसन यांना घातली.

रिचर्डसन यांनी ती मान्य केली आणि हार्वर्डमधले आपले जुने प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांना बोलावले. केनेडी आणि जॉन्सन यांच्या काळात कॉक्स सॉलिसिटर जनरल होते. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू त्यांनी अनेकदा मांडली होती. त्यांच्या नेमणुकीच्या नियमांत एक वाक्य घातले गेले : अत्यंत गंभीर गैरवर्तन केल्याशिवाय ॲटर्नी जनरल त्यांना काढणार नाही. हे वाक्य कायद्यात नव्हते, घटनेत तर नव्हतेच. ते खात्याच्या नियमावलीत होते, आणि त्यामागे रिचर्डसन यांनी सिनेटला दिलेला शब्द होता.

जुलै ते १२ ऑक्टोबर : फितींचा वाद

१६ जुलैला अलेक्झांडर बटरफील्ड या व्हाइट हाउसच्या माजी अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे सांगून टाकले की, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातले संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित होत असे. आठवड्याभरात कॉक्स यांनी नऊ फिती मागणारा हुकूम बजावला. निक्सन यांनी नकार दिला. राष्ट्राध्यक्षांचे खासगी संभाषण न्यायालयापुढे उघडे करणे म्हणजे कार्यपालिकेच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असा त्यांचा दावा होता. हा दावा अगदीच पोकळ नव्हता. सल्लागार मोकळेपणाने बोलू शकले पाहिजेत, हे कोणताही राज्यकर्ता मान्य करील. पण गुन्हा घडला की नाही हे ज्या पुराव्यावरून ठरायचे, तो पुरावा संशयिताच्याच कपाटात राहू द्यायचा का, हा खरा प्रश्न होता.

२९ ऑगस्टला न्यायाधीश जॉन सिरिका यांनी फिती आपल्याकडे आणून द्या, आपण त्या एकांतात ऐकू, असा आदेश दिला. १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने तो ५ विरुद्ध २ मतांनी कायम केला. सर्वोच्च न्यायालयात जायचे असेल तर मुदत होती शुक्रवार, १९ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत.

या आठवड्यात बाहेर काय चालले होते तेही लक्षात घ्यावे लागते. ६ ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला होता आणि युद्ध ऐन भरात होते. १० ऑक्टोबरला उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी करचुकवेगिरीच्या खटल्यात पद सोडले. १२ तारखेला त्यांच्या जागी जेराल्ड फोर्ड यांचे नाव सुचवले गेले, पण काँग्रेसची संमती मिळायला डिसेंबर उजाडला. तोवर उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे होते. निक्सन गेले असते तर देश प्रतिनिधिगृहाचे सभापती कार्ल अल्बर्ट यांच्याकडे, म्हणजे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेला असता.

१५ ते १८ ऑक्टोबर : तोडगा

सोमवारपासून व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अलेक्झांडर हेग एक तोडगा पुढे रेटत होते. फिती न्यायालयाला द्यायच्या नाहीत. व्हाइट हाउस त्यांचा सारांश तयार करील, आणि मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस एकटे फिती ऐकून सारांश बरोबर असल्याचे सांगतील. स्टेनिस सचोटीचे म्हणून प्रसिद्ध होते. ते ७२ वर्षांचे होते, त्यांना कमी ऐकू येत असे, आणि त्याच वर्षी जानेवारीत घराबाहेर लुटारूंनी गोळ्या घातल्यानंतर ते मरता मरता वाचले होते.

कॉक्स यांची हरकत माणसावर नव्हती. फौजदारी खटल्यात मूळ पुरावा हजर असताना त्याचा सारांश न्यायालय स्वीकारत नाही. मग आरोपींवर खटले चालवायचे कशाच्या आधारावर? गुरुवारी संध्याकाळी व्हाइट हाउसचे वकील चार्ल्स ॲलन राइट यांनी आणखी एक अट पुढे केली : यापुढे कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या फिती वा कागद मागण्यासाठी न्यायालयात जायचे नाही. कॉक्स यांनी ती फेटाळली.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर, दिवसा

निक्सन यांचे माजी विधी सल्लागार जॉन डीन यांनी सिरिका यांच्यापुढे न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. खटल्यांत सरकारी पक्षाचा साक्षीदार व्हायला ते तयार झाले. डीन यांचा शब्द आणि निक्सन यांचा शब्द यांतला खरा कोणता, हे आता केवळ त्या फिती सांगू शकत होत्या.

शुक्रवार, रात्री ८:१५. चोवीस तास बाकी

व्हाइट हाउसने राष्ट्राध्यक्षांचे निवेदन प्रसिद्ध केले. सर्वोच्च न्यायालयात अपील करणार नाही, फितीही देणार नाही, सारांश देऊ. सिनेट समितीचे अध्यक्ष सॅम अर्व्हिन आणि उपाध्यक्ष हॉवर्ड बेकर यांना त्या संध्याकाळी घाईघाईने व्हाइट हाउसमध्ये आणून त्यांची संमती घेण्यात आली होती. एकाला न्यू ऑर्लिन्सहून, दुसऱ्याला शिकागोहून. आपल्याला शब्दशः उतारे मिळतील, असा आपला समज झाला होता, असे अर्व्हिन यांनी पुढे सांगितले. निवेदनाच्या शेवटी कॉक्स यांना थेट हुकूम होता : यापुढे न्यायालयामार्फत काहीही मागायचे नाही.

निवेदनाची वेळ नीट पाहा. शुक्रवारची रात्र, पुढे शनिवार-रविवार, आणि त्या वर्षी सोमवार, २२ ऑक्टोबर ही माजी सैनिक दिनाची सुट्टी. काँग्रेसचे सदस्य आपापल्या मतदारसंघांत, न्यायालये बंद. सत्तेच्या दोन शाखा घरी असताना तिसरी शाखा काम उरकून घेत होती.

मध्यरात्र

अपिलाची मुदत संपली. अपील न्यायालयाचा निकाल आता अंतिम होता, आणि राष्ट्राध्यक्षांनी तो पाळणार नसल्याचे आधीच जाहीर केले होते. माझ्या दृष्टीने संकट याच क्षणी सुरू झाले. पुढच्या दिवशी जे घडले ते त्याचे फळ होते. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर युद्धबंदीच्या बोलण्यांसाठी मॉस्कोकडे निघाले.

शनिवार, २० ऑक्टोबर, दुपारी १. साडेसात तास बाकी

नॅशनल प्रेस क्लबमध्ये कॉक्स पत्नीसह आले. दूरचित्रवाणीवरून ही परिषद देशभर दिसत होती. बो-टाय लावलेला हा प्राध्यापक वर्गात समजावावे तसे बोलला. आवाज चढवला नाही, निक्सन यांच्यावर दोषारोपही केला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मागे लागण्याचा आपला हेतू नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. मग सारांश पुरावा म्हणून का चालत नाही, न्यायालयाचा आदेश असताना तडजोडीचा हुकूम कसा पाळता येत नाही, हे त्यांनी एकेक पायरीने उलगडले. आपण राजीनामा देणार नाही आणि आदेशाचे पालन व्हावे म्हणून न्यायालयात जाऊ, असेही सांगितले.

त्यांना कोण काढू शकतो, हा प्रश्न निघाला. तेव्हा कॉक्स यांनी १८३३ ची आठवण दिली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना बँक ऑफ द युनायटेड स्टेट्समधल्या सरकारी ठेवी काढायच्या होत्या. अर्थमंत्री तयार झाला नाही, तेव्हा दुसरा आणला. तोही तयार झाला नाही, तेव्हा तिसरा आणला, आणि त्याने ते काम केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हवे ते करून घेऊ शकतो, इतकेच कॉक्स यांना म्हणायचे होते. संध्याकाळपर्यंत तेच पुन्हा घडणार होते, तेही बिनचूक त्याच क्रमाने.

दुपारी अडीचच्या आसपास

हेग यांचा रिचर्डसन यांना फोन : कॉक्सना काढा. रिचर्डसन म्हणाले, मी ते करू शकत नाही, राष्ट्राध्यक्षांना भेटून राजीनामा देतो.

रिचर्डसन बंडखोर नव्हते. रिपब्लिकन पक्षाचे निष्ठावान, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले युद्धवीर, निक्सन यांच्याच मंत्रिमंडळात आरोग्य आणि संरक्षण खाती सांभाळलेले. तोडगा निघावा म्हणून आठवडाभर त्यांनीच सर्वाधिक धडपड केली होती. काही अभ्यासकांच्या मते त्यांनी आधीच ठाम राहायला हवे होते, आणि या टीकेत तथ्य आहे. पण सिनेटला दिलेला शब्द मोडायची वेळ आली तेव्हा ते हलले नाहीत.

साडेचारच्या आसपास. चार तास बाकी

ओव्हल ऑफिस. निक्सन यांनी पश्चिम आशियातल्या युद्धाचा दाखला दिला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला त्याचाच एक हाताखालचा माणूस जुमानत नाही, हे दिसल्यावर सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह काय समजतील? निदान संकट टळेपर्यंत राजीनामा थांबवा. रिचर्डसन यांनी नकार दिला. व्यक्तिगत वचन तुम्ही सार्वजनिक हितापेक्षा मोठे मानता याचे वाईट वाटते, असे निक्सन म्हणाले. सार्वजनिक हित कशात आहे याविषयी आपल्या दोघांची समजूत वेगळी दिसते, असे उत्तर रिचर्डसन यांनी दिले.

त्या दिवसाच्या सगळ्या बोलण्यात मला हे उत्तर सर्वांत मोलाचे वाटते. अधिकाऱ्याची निष्ठा नेमणाऱ्या माणसाशी की पदाच्या कर्तव्याशी, याचा निकाल त्यात लागला.

पाचनंतर

आता क्रमांक दोन. डेप्युटी ॲटर्नी जनरल विल्यम रकल्सहाउस, वय ४१. पर्यावरण संरक्षण संस्थेचे पहिले प्रमुख, आणि त्याच वर्षी काही महिने एफबीआयचे हंगामी संचालक. हेग यांनी त्यांनाही फोनवर युद्धाचे गांभीर्य सांगितले. परिस्थिती इतकी नाजूक असेल तर कॉक्सना काढायला आठवडाभर थांबा की, असे रकल्सहाउस यांनी विचारले. तेव्हा हेग यांनी सेनापतीच्या हुकुमाची भाषा वापरली : तुमच्या सरसेनापतीने आदेश दिला आहे. पण न्यायखाते म्हणजे पलटण नव्हे. रकल्सहाउस यांनी आदेश मानला नाही. त्यांचा राजीनामा स्वीकारण्याऐवजी त्यांना बडतर्फ केल्याचे व्हाइट हाउसने जाहीर केले.

सहानंतर. दोन तास बाकी

क्रमांक तीन : सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क. येलचे प्राध्यापक, या पदावर येऊन त्यांना काही महिनेच झाले होते. त्यांना आणायला व्हाइट हाउसची गाडी आली. तिथे हंगामी ॲटर्नी जनरल म्हणून त्यांनी कॉक्स यांना पदमुक्त करणाऱ्या छोट्या पत्रावर सही केली.

बोर्क यांच्याविषयी एकतर्फी लिहिणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. सिनेटला शब्द रिचर्डसन यांनी दिला होता, बोर्क यांनी नव्हे. कार्यपालिकेतल्या अधिकाऱ्याला काढण्याचा राष्ट्राध्यक्षाला अधिकार आहे, असे ते प्रामाणिकपणे मानत होते. सही करून आपणही राजीनामा द्यावा, असे त्यांच्या मनात होते, पण रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांनीच त्यांना थांबायला सांगितले. तिघेही गेले असते तर खात्याला वालीच उरला नसता. हे सगळे खरे आहे. तरीही मला वाटते की, बोर्क यांचा निर्णय चुकला. न्यायालयाचा अंतिम आदेश मोडायला निघालेल्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात त्यांनी नेमके ते साधन दिले, जे वरच्या दोघांनी नाकारले होते. मृत्यूनंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी लिहिले की, निक्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयातली पुढची जागा देऊ केली होती. १९८७ मध्ये रीगन यांनी खरोखरच त्यांचे नाव त्या न्यायालयासाठी सुचवले, तेव्हा सिनेटने ते ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळले. त्या चर्चेत हा शनिवारही होता.

रात्री ८:२५ च्या सुमारास

प्रसिद्धी सचिव रॉन झिग्लर पत्रकारांपुढे आले. कॉक्स यांना काढले आहे, त्यांचे कार्यालयच बरखास्त केले आहे, रिचर्डसन यांनी राजीनामा दिला आहे, रकल्सहाउस यांना बडतर्फ केले आहे.

रात्री ९ च्या सुमारास

एफबीआयचे एजंट के स्ट्रीटवरच्या विशेष अभियोक्त्याच्या कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते ताब्यात घेतले. कागद बाहेर न्यायचे नाहीत, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले. रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांच्या दालनांवरही पहारा बसला. चौकशीसाठी एफबीआय ज्यांच्या मदतीला होती, त्यांच्याच दारावर आता ती उभी होती. एनबीसी वाहिनीवर जॉन चान्सलर यांनी देशाला सांगितले की, हा कदाचित इतिहासातला सर्वांत गंभीर घटनात्मक पेचप्रसंग आहे. आणि कॉक्स यांनी एका वाक्याचे निवेदन काढले : आपले राज्य कायद्याचे राहणार की माणसांचे, हे आता काँग्रेसने आणि अखेर अमेरिकी जनतेने ठरवायचे आहे.

रविवार ते मंगळवार

तारांचा पूर आला. काही दिवसांतच दीड लाखाहून अधिक तारा वॉशिंग्टनमध्ये पोहोचल्या. व्हाइट हाउसबाहेर महाभियोगाची मागणी करणारे फलक घेऊन लोक उभे राहिले आणि मोटारी हॉर्न वाजवत गेल्या.

याच दिवसांत एक गोष्ट फारशा गाजावाजाविना घडली. कॉक्स यांच्या हाताखालच्या वकिलांनी सामुदायिक राजीनामे दिले नाहीत. काढेपर्यंत इथेच बसायचे, असे त्यांनी ठरवले. तपासाच्या फायली ज्यांना तोंडपाठ होत्या ती माणसे जागेवर राहिली, म्हणून तपास राहिला. नोकरशाहीची ताकद बहुतेकदा अशीच असते, कुणाला न दिसणारी. रिचर्डसन यांचा राजीनामा इतिहासात गेला, पण या वकिलांचे टिकून राहणे मला तितकेच मोठे वाटते.

मंगळवारी, २३ ऑक्टोबरला, प्रतिनिधिगृहात महाभियोगाचे ठराव एकामागून एक दाखल होऊ लागले. सिरिका यांनी ग्रँड ज्युरीच्या सदस्यांना बोलावून धीर दिला की, त्यांचे काम चालूच आहे. दुपारी राइट त्यांच्यापुढे उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष न्यायालयाचा अवमान करणार का, हे ऐकायला दालन गच्च भरले होते. राइट म्हणाले, हे राष्ट्राध्यक्ष कायदा मोडत नाहीत, फिती दिल्या जातील.

त्यानंतर

१ नोव्हेंबरला लिऑन जॉवर्स्की यांची नवे विशेष अभियोक्ता म्हणून घोषणा झाली. १४ नोव्हेंबरला न्यायाधीश गेर्हार्ड गेसेल यांनी कॉक्स यांची हकालपट्टी बेकायदा ठरवली. खात्याचा नियम रद्द केलेला नसताना तो खात्यावर बंधनकारक होता, असे त्यांनी म्हटले. कॉक्स पदावर परतले नाहीत. एका फितीत साडेअठरा मिनिटांची पोकळी निघाली. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी उरलेल्या फितीही द्यायला लावल्या. त्यांतल्या २३ जून १९७२ च्या फितीने निक्सन यांचा अखेरचा आधार काढून घेतला आणि ९ ऑगस्टला ते गेले.

त्या शनिवारची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून काँग्रेसने १९७८ मध्ये कायदा केला. विशेष अभियोक्ता तीन न्यायाधीशांच्या मंडळाने नेमायचा, अशी तरतूद त्यात होती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवला. पण रीगन यांच्या काळातल्या इराण-काँट्रा प्रकरणाने रिपब्लिकन पक्ष आणि क्लिंटन यांच्या चौकशीने डेमोक्रॅटिक पक्ष त्याला कंटाळला. ३० जून १९९९ ला त्याची मुदत संपली, आणि ती वाढवायला कोणताही पक्ष पुढे आला नाही. आता विशेष वकिलाची नेमणूक पुन्हा ॲटर्नी जनरलच करतो, सबळ कारण दाखवून तोच त्याला काढू शकतो, आणि हे संरक्षण पुन्हा खात्याच्या नियमावलीतच आहे. कॉक्स यांच्याकडे जेवढे होते तेवढेच.